कमरपाखरू

मला चुकीचं नाव खपत नाही. जुना रोग आहे हा माझा. तारेवर बसलेल्या वेड्या राघूला कोणी 'लहान पोपट' म्हटलं की माझं डोकं सणकतं. आमच्या पक्षी पाहणाऱ्यांचा फोनवर एक गट आहे, त्यात मी त्यासाठीच बदनाम. कोणी पहाटे उठून, धडपडत जाऊन फोटो काढावा, हौसेनं खाली नाव लिहावं, आणि पाचव्या मिनिटाला माझी दुरुस्ती यावी: "हा शिक्रा नाही, पावशा आहे. डोळ्याभोवतीचं पिवळं कडं पाहा." बायको म्हणते, "लोकं सकाळी उठून देवाचं नाव घेते, तुमी लोकायच्या चुका काढता." त्यावर मी दुर्बीण घेऊन बाहेर पडतो.

पोटापाण्याला मी गुरांच्या दवाखान्यात आहे. डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या हाताखालचा. पण खेड्यात ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर. 'अहो, मी डॉक्टर नाही' हे सांगण्याचा उत्साह वर्षभर टिकतो, मग माणूस ओ द्यायला लागतो. मूळचा मी वर्ध्याकडचा. नोकरीनं आधी सानगडीला आणलं, मग आंधळगावच्या बाजूला टाकलं, आणि आता भंडारा जिल्ह्यात माझं दहावं वर्ष चालू आहे. इथली माणसं, इथली गुरं, इथली बोली, सगळं आपल्याला कळतं असं मला वाटायचं.

उन्हाळा लागला की आमची कामं ऊन तापायच्या आत उरकावी लागतात. साडेपाचला मोटरसायकल काढायची, लशीचा डबा मागे बांधायचा आणि निघायचं. वाटेत एक मामा तलाव लागतो. माजी मालगुजारी तलाव असं त्याचं कागदावरचं नाव, पण एवढं लांब नाव घ्यायला इथे कोणाला वेळ आहे? त्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मी रोज अर्धा-पाऊण तास थांबायचो. चैत्रात तलाव आटायला लागतो. थंडीतली बदकं निघून गेलेली असतात, पाणी आत सरकतं, आणि उरलेली पाखरं उघड्यावर येतात. आंब्यातून हळद्या ओरडतो, मोहाखाली वेचणाऱ्या बायका असतात, आणि ओल्या काठावर टिटव्या आपल्याच मालकीची जागा असल्यासारख्या फिरतात. पाखरं ओळखायला शिकायचं असेल तर हेच दिवस, असं मी गटावर दरवर्षी लिहितो.

गेल्या साली त्याच पाळीवर मला मावशी भेटली. ती ढिवराची, म्हणजे मासेमारांच्या घरची. साठीच्या पुढची, काटक, नऊवारीचा काष्टा वर खोचलेला, कमरेला टोपली, हातात हातजाळं. तिच्यामागे चार-पाच बायका. आटत्या तलावात उतरून हातजाळ्यानं झिंगे आणि बारीक मासोळी धरायची, हे त्यांचं उन्हाळ्यातलं काम. कुठून उतरायचं ते मावशी ठरवायची. ती पाळीवर दोन मिनिटं उभी राहायची, मग पाण्यात पाय टाकायची, आणि बाकीच्या तिच्या पावलावर पाऊल टाकून जायच्या. तिचा पाय चुकत नाही, असं त्या सगळ्यांचं म्हणणं. तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं म्हणे.

एका सकाळी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. बायका मागे विड्या-तंबाखूत होत्या.

"डाक्टर, त्या बाभरीच्या सरळ कोन उभं हाये?"

मी दुर्बीण लावली. खरं तर लावायचीही गरज नव्हती. "शेकाट्या. पाच आहेत. काळे पंख, पांढरं पोट, लांब गुलाबी पाय."

"लंबटांग्या म्हना न सरळ."

"त्याचं नाव शेकाट्या आहे, मावशी."

"तुमच्या घरी असन," ती म्हणाली आणि सरळ तिकडेच उतरली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी कुतूहलानं विचारलं तेव्हा तिनं हसत हसत गुपित सांगितलं. पाखरू पाहून ती पाण्याची खोली ठरवायची. टिटवी असली तर नुसता तळवा ओला होतो. लंबटांग्या उभा असला तर पोटरीपर्यंत पाणी. शंख फोडून खाणारा करकोचा, ज्याला ती घोंगल्याफोड म्हणायची, तो उभा असला तर टोंगरा, म्हणजे गुडघा. पानडुबी दिसली तर तिकडे पाहायचंच नाही, डोक्याच्या वर पाणी.

"अन कमरपाखरू असन तं त्या बाजूले जाऊच नाही," ती म्हणाली. "खाली किती पानी असन, भरोसा नाही."

मला तर खजिना सापडल्यासारखं झालं. घरी जाऊन मी वहीत माणसाचं एक चित्र काढलं, आणि तळव्यापासून डोक्यापर्यंत एकेका पाखराचं नाव लिहिलं. तळवा, पोटरी, गुडघा, कमर, डोकं. किती सोपं, किती बरोबर. कमरेपुढे मी लिहिलं: 'कमरपाखरू, म्हणजे कमरेइतक्या पाण्यातलं. बहुतेक जांभळा बगळा.' जांभळा बगळा उंच, एकलकोंडा, खोल पाण्याच्या कडेच्या झुडपात उभा राहणारा. दुसरं कोण असणार? मी तिला विचारलं नाही. मला विचारायची सवयच नव्हती, सांगायची होती.

आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की ती जी पाखरं विचारते ती उघड्या डोळ्यांनी दिसण्यासारखी असतात. तीस पावलांवरचा घोंगल्याफोड ती मला विचारत होती. एकदा ती वळून माझ्याकडे पाहत असताना उन्हाची तिरीप तिच्या चेहऱ्यावर आली आणि मी तिचे डोळे पाहिले. दोन्ही बाहुल्या दुधाळ. गाईच्या डोळ्यात फूल पडलेलं मी गोठ्याच्या दारातून ओळखतो, हे तर माणसाचे डोळे होते आणि माझ्यापासून हातभर अंतरावर होते.

"मावशी, तुम्हाला दिसत नाही."

तिनं मागे बायकांकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "दिसते न. उजेड दिसते, मानूस दिसते. पाखरू तेवढं दिसत नाही."

"मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करून घ्या, सोपं असतं आता."

"करीन न. उन्हारा होऊ द्या. आता सांगतलं तं पोरगा मले पान्यातून काढते अन बाजारात मासोरी विकाले बसवते. मंग मी कायची? पान्यात जातो तवपर्यंत मी आहो. डाक्टर, कोनाले सांगू नका."

मी नाही सांगितलं. माणसानं खरं बोलावं, म्हणून बोलतो: दया आली म्हणून नव्हे. मला ते आवडलं होतं. पंधरा वर्षं मी पाखरं पाहतो आहे. बायकोनं, साहेबांनी, गावकऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला आहे, की याचा उपयोग काय. आणि इथे एक बाई रोज सकाळी माझ्या ओळखण्यावर भरोसा ठेवून पाण्यात पाय टाकत होती, तिच्यामागे पाच जणी. माझी छाती फुगली होती. सकाळी मी आता तलावावर पाखरांसाठी जात होतो की तिच्यासाठी, ते माझं मलाच सांगता आलं नसतं. ती विचारायची, मी सांगायचो. "कमरपाखरू हाये का?" असंही ती रोज विचारायची. पाणी सोडायच्या मोरीजवळच्या बेशरमाच्या झुडपात जांभळा बगळा असला की मी म्हणायचो, "आहे, मोरीकडे." तिकडे तशीही ती जाणार नव्हती, तिथलं पाणी खोल हे सगळ्या गावाला ठाऊक.

मग एप्रिल अर्धा उलटला. पाणी आणखी आत गेलं. आदल्या उन्हाळ्यात शेतात टाकायला तलावातला गाळ काढला होता, तेव्हा जेसीबीनं कुठे कुठे खड्डे करून ठेवले होते. ते आता पाण्याखाली होते, कुठे ते कोणाला नीट माहीत नव्हतं. शिंगाड्याचा वेल सगळीकडे वाळला होता, फक्त बाभळीच्या डावीकडे एका ठिकाणी हिरवा राहिला होता. त्या सकाळी मी पाळीवर पोहोचलो आणि माझं लक्ष थेट त्या हिरव्या तुकड्यावर गेलं. कमळपक्षी! तोही विणीच्या पिसाऱ्यात. मानेमागचा सोनेरी पट्टा, पांढरे पंख, लांब काळी शेपूट बाकदार व्हायला लागलेली. लांबलचक बोटं पसरून तो वेलाच्या पानांवरून असा चालत होता की पान बुडत नव्हतं. या तलावावर मी तो कधीच पाहिला नव्हता. मी दुर्बिणीला फोन लावून फोटो काढत होतो, आणि मनातल्या मनात गटावर काय लिहायचं ते जुळवत होतो.

मावशी शेजारी येऊन उभी राहिली. "डाक्टर, बाभरीच्या डाव्या अंगाले कमरपाखरू हाये का?"

मी डावीकडचा सगळा काठ दुर्बिणीतून पाहिला. जांभळा बगळा कुठेही नव्हता. "नाही."

ती तिथेच थांबली. मान थोडी वाकडी करून उभी राहिली. "नाही न? पक्कं?"

"पक्कं, मावशी. मी पाहून राहिलो न."

ती उतरली. पोटरीपर्यंत पाणी, मग गुडघा. मी पुन्हा कमळपक्ष्याकडे वळलो, तो उडाला, आणि त्याच्या उडण्याकडे पाहत असतानाच बायकांचा आवाज आला. मावशी दिसत नव्हती. तिची टोपली पाण्यावर तरंगत होती. मग वेलाच्या मधून तिचं डोकं वर आलं आणि परत गेलं. मी बूट घालूनच धावलो, पण माझ्या आधी दोघीजणी पोचल्या होत्या. त्यांनी एकमेकींच्या हाताला हात धरून पुढे सरकत तिचा केसांचा बुचडा पकडला. पाय गाळात रुतले होते, ते सुटायला वेळ लागला. बाहेर आणून पालथी घातली तेव्हा तिच्या तोंडातून पाणी आणि गाळ आला. मी तिची नाडी पाहिली, ती चालू होती.

तिचा मुलगा सायकल फेकून धावत आला. तिचा श्वास नीट सुरू होईपर्यंत तो तिची पाठ चोळत राहिला. मग म्हणाला, "एवढा हिरवा वेल, खाली खोल पानी असन, तुले दिसला नाही का, माय?" त्यानं तिच्यासमोर हात धरला आणि किती बोटं ते विचारलं. ती म्हणाली तीन. तो उघडा पंजा होता.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमाले मालूम होतं?"

"हाओ."

"गाईचा डोरा खराब दिसला तं तुमी आमाले घरून बलावून सांगता, डाक्टर. माह्या मायचा पाह्यला तं सांगतलं नाही."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ते लोक तिला घेऊन गेले आणि मी ओल्या बुटांनी तीन गावांत लशी टोचत फिरलो.

आठ दिवसांत भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर पाण्यात जायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. इकडे मी स्वतःची समजूत घालत होतो. डोळ्याचं लपवलं ही माझी चूक, मान्य. पण पाखराच्या बाबतीत मी चुकलो नव्हतो. बगळा नव्हता, मी नाही म्हटलं. बाईचं शास्त्रच कच्चं, त्याला मी काय करू? जांभळा बगळा काय प्रत्येक खड्ड्यावर पहारा देतो? अशा ऐकीव गोष्टींवर किती भरोसा ठेवायचा, असं काहीतरी मी गटावरही लिहिलं, तिचं नाव न घेता. त्याच्याच वर माझा कमळपक्ष्याचा फोटो होता. त्याला भरपूर अंगठे आले होते.

ऑपरेशननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी मी तिला भेटायला गेलो. ती छपरीत बाजेवर बसली होती, डोळ्यावर काळा चष्मा. मुलगा घरी नव्हता. सुनेनं चहा दिला आणि सासूची गंमत करायला लागली. दवाखान्यातून आल्यापासून तो त्यांचा खेळच झाला होता म्हणे: भिंतीवरचं काय काय दिसतं ते सांगायचं.

"माय, त्या कॅलेंडरवर काय हाये, सांगा बरं डाक्टरले."

मावशीनं चष्मा वर केला. "लक्ष्मीबाई हाये. हिरवं लुगडं हाये. दोन हत्ती. अन गुलाबी कमरावर बसली हाये."

"कशावर?" मी विचारलं.

"कमरावर. कमराचं फूल नाही का ते?"

दहा वर्षं मी या मुलखात डोळ्याला डोरा, काळ्याला कारा, बाभळीला बाभर ऐकत होतो. इथल्या तोंडात ळ चा र होतो, हे मी बदलून आलेल्या साहेबांना हसत हसत शिकवत होतो. आणि कमळाचा कमर होतो, हे मला लक्ष्मीच्या कॅलेंडरनं सांगावं लागलं. कमरपाखरू, म्हणजे कमळपाखरू. ते कमरेइतक्या पाण्यातलं पाखरू नव्हतंच. पानावरून चालणारं पाखरू, म्हणून खाली किती पाणी ते सांगता येत नाही, म्हणून त्या बाजूला जायचं नाही. तिनं शब्दांत सांगितलं होतं मला. आणि ती विचारत होती तेव्हा ते पाखरू माझ्या दुर्बिणीत होतं, त्याचा मी फोटो काढत होतो, त्याचं नाव मला बिनचूक माहीत होतं.

चहा तसाच ठेवून मी उठलो. घरी येऊन फोनमधला फोटो उघडून पाहिला. कमळपक्षी, त्याच्या पायाखाली शिंगाड्याची पानं, आणि ती पानं जिथे होती तिथेच थोड्या वेळानं मावशीचं डोकं वर आलं होतं. मी फोटो गटावरून काढून टाकला. एकानं विचारलं, काहून काढला, एवढा भारी होता. मी फोन पालथा ठेवला.

तिला सांगायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी जायला हवं होतं. मी गेलो नाही. मुलाची भीती वाटत होती, हे एक. पण त्याहून जास्त, हे तोंडानं म्हणायची लाज वाटत होती. ज्यानं जन्मभर दुसऱ्याची नावं दुरुस्त केली त्याला एक नाव ऐकू आलं नव्हतं. मग मी मनाला सांगितलं की आता तिला दिसायला लागलं आहे, महिन्यानं ती पाण्यात जाईल, सगळं जिथल्या तिथे होईल. कशाला उकरून काढायचं? आज सांगू, उद्या सांगू करत मी दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागलो. त्या रस्त्यावर तलाव नाही. मे महिन्यात तिथल्या बांबूच्या बेटात मला नवरंग दिसला, सालातला पहिला, आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

महिना उलटल्यावर एका सकाळी गाडी आपोआप पाळीकडे वळली. तलाव बराच आटला होता. बायका आल्या होत्या, पण काठाकाठानंच हातजाळी मारत होत्या. मावशी नव्हती. मी विचारलं.

"ते येत नाही म्हनते," त्यांच्यातली एक म्हणाली. "पोरगा तं जाय म्हनते आता. डोरा चांगला झाला. तेच नाही म्हनते."

"काहून?"

"आमाले काय सांगते? कान गेले म्हनते आपले."

मी तडक तिच्या घरी गेलो. ती अंगणात सावलीत बसून जुनं जाळं शिवत होती. सुईत दोरा तिनं स्वतः ओवला, हे मी पाहिलं. मला पाहून हसली. चष्मा आता पांढरा होता आणि त्यातून ती मला नीट पाहत होती.

"मावशी, पाण्यात काहून जात नाही?"

तिनं जाळ्यात एक गाठ मारली. "तुमाले सांगतो. बाकीच्याले नाही सांगतलं, ते हासतीन. त्या दिवशी मले कमरपाखराचा आवाज आला होता. मांजरीच्या पिलावानी ओरडते ते. डाव्या अंगाले, साफ आयकू आला. म्हनून तं तुमाले दोनदा विचारलं. तुमी दुर्बिनीनं पाह्यलं, पाखरू नव्हतं. खड्ड्याचं काय, जेसीबीनं खड्डा कुठंही केला असन. पन नाही त्या पाखराचा आवाज मले आला न, डाक्टर? डोरा त्यायनं दुरुस्त केला. कानाले काय करू? असे कान घेऊन चार बायकाले मांगं घेऊन मी पान्यात कशी जाऊ?"

आता न सांगणं शक्य नव्हतं. मी सांगितलं. शेकाट्या, करकोचा, कमर, वही, बगळा, सगळं सांगितलं. फोटो फोनमध्ये होता, तो दाखवला. तिनं फोन हातात घेऊन डोळ्याजवळ नेला.

"हेच तं कमरपाखरू."

"हाओ. तुम्ही विचारलं तेव्हा ते तिथेच होतं. मी पाहत होतो त्याला. मी कमरेपर्यंतचं पाणी समजलो. तुमचे कान बरोबर होते, मावशी. चूक माझी."

तिनं फोन परत दिला. हातातली सुई जाळ्यात खोचून ठेवली. ती चिडेल, रडेल, निदान शिव्या देईल, असं मला वाटत होतं. तिनं शांतपणे विचारलं, "हे तुमाले कधी समजलं?"

खोटं बोलता आलं असतं. "ऑपरेशन झालं त्या आठवड्यात. तुम्ही कॅलेंडर पाहत होता तेव्हा."

"म्हनजे महिना झाला."

"हाओ."

"महिनाभर," ती म्हणाली, "सकारी कोंबडा आरवला तं मी सुनेले विचारतो, कोंबडाच हाये न वो? कावरा ओरडला तं उठून पाहतो, कावराच हाये का. एकाही आवाजाले मी खरं म्हनलं नाही, डाक्टर. अन तुमाले मालूम होतं."



ती उठली. तिनं आत सुनेला हाक मारून सांगितलं की माहं हातजारं अन टोपली बाहेर काढून ठेव, उद्या पहाटे मी जातो. मग माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, रोज पाखरू विचारायची तोच आवाज होता.

"तुमी उद्या पारीवर येऊ नका, डाक्टर. मले आयकू द्या."